हॉलची पावती नीट वाचतो, मग निकाहनामा का नाही?

आपल्याकडे लग्नाची तयारी म्हटली की सगळ्यात आधी हॉल बघितला जातो. रमजान सोडून, मुहर्रम सोडून, मुलांच्या परीक्षा आणि पावसाळा सोडून जी तारीख उरते, ती पकडायला चार-सहा महिने आधी आगाऊ रक्कम भरावी लागते. मग बस्ता, सोनं, आचारी, पत्रिका, फोटोवाला, मेहंदीवाली. मग मानपान: कोणत्या फुफ्फीला साडी, कोणत्या चाचांना टोपी-टॉवेल, कोणाला घरी जाऊन दावत द्यायची आणि कोणाला फोनवर चालेल. या धावपळीत एक कागद मात्र शेवटपर्यंत कोणी बघत नाही. लग्न झाल्याचा आणि ते कोणत्या कबुलीवर झालं याचा पुरावा म्हणून जो आयुष्यभर उरणार आहे, तोच हा कागद: निकाहनामा.

माझा निकाह येत्या जानेवारीत आहे. आमचं घर कराडजवळचं, मी नोकरीला पुण्यात, मुलगा इचलकरंजीचा. घरी लग्नाची दोनशे पानी वही घातली आहे. हॉल ८५ हजार. जेवण ६०० माणसांचं, ताटाला २६० रुपये. मंडपवाल्याला किती दिले, किती राहिले, सगळं तारखेसह लिहिलेलं आहे. आमच्याकडे याद्यांची बैठक होते, तशी याचीही झाली. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, कोणी काय करायचं ते लिहून काढलं, खाली सह्या झाल्या. गादी-कपाटापासून बारातीच्या गाडीच्या डिझेलपर्यंत सगळं त्या यादीत आहे. मेहर नाही. मी अब्बूंना विचारलं, तर ते सहज म्हणाले, “ते काय, त्या दिवशी मोठी माणसं बसून ठरवतात. काझीसाहेब लिहून घेतात.”

अब्बूंचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या लग्नात तसंच झालं, त्यांच्या बहिणींच्या लग्नातही तसंच झालं. पण आपल्या पिढीने हे असंच चालू द्यायचं का, हा माझा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की लग्नाआधीचे हे जे चार-सहा महिने असतात, त्यातली एक संध्याकाळ निकाहनाम्यासाठी ठेवा. हॉल ठरवण्याआधी ठेवली तर फारच चांगलं.

निकाहनामा भरला जातो तेव्हा काय होतं?

तुम्ही आजवर दहा-वीस निकाहांना तरी गेला असाल. आठवून बघा. हॉलमध्ये माईक खरखरतोय, मागे देगा उतरताहेत, काझीसाहेबांना पुढच्या निकाहाला जायचं आहे. जमातीची वही उघडली जाते. नावं, वडिलांची नावं, वकील, दोन गवाह. मग कोणीतरी विचारतं, “मेहर किती लिहायचं?” दोन्हीकडचे चाचा-मामा एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतं, “आपल्यात सातशे शहाऐंशीच असतं.” कोणी पाच हजार म्हणतं, थोडी ओढाताण होते, मधला आकडा पडतो. वकील आणि गवाह आतल्या खोलीत जातात. मुलगी मान खाली घालून बसलेली, आजूबाजूला वीस बायका, मेकअप उतरू नये म्हणून डोळे पुसायलाही बंदी. तिला आकडा ऐकवतात, तिन्ही वेळा ती ‘कबूल’ म्हणते किंवा नुसती मान हलवते, आणि बोट दाखवतील तिथे सही करते.

तो कागद बहुतेक ठिकाणी उर्दूत असतो. आपल्यापैकी कितीजणी मराठी शाळेत शिकल्या! कुरआन शरीफ अरबीतून वाचता येतं म्हणजे उर्दूतला करार कळतो असं नाही. जिच्या आयुष्याचा करार आहे तिने तो वाचलेला नाही, वाचून दाखवलेला नाही आणि त्याची प्रतही तिच्याकडे राहत नाही. ती अब्बूंच्या कपाटात किंवा सासरच्या ट्रंकेत जाते. कधी पासपोर्टसाठी लागली तर शोधाशोध होते.

मी दोन महिन्यांपूर्वी भावाला घेऊन जमातीच्या कार्यालयात गेले आणि कोरा निकाहनामा मागितला. तिथल्या गृहस्थांनी आधी भावाकडे बघितलं आणि विचारलं, लग्न कोणाचं? मी म्हणाले, माझंच. कोरा फॉर्म असा कोणाला देत नाही म्हणाले, मग चहा झाला, मग दिला. एक पान. त्यात मेहरसाठी एक ओळ आणि ‘शराइत’ म्हणजे अटी, यासाठी एक ओळ. म्हणजे अटी लिहायची जागा फॉर्ममध्ये आहे. गेल्या काही वर्षांत तिथे कोणी काही लिहिलं आहे का, असं मी विचारलं. ते हसले.

मेहर म्हणजे मेहरबानी नव्हे

निकाह हा इस्लाममध्ये करार आहे, हे आपण दुसऱ्यांना फार अभिमानाने सांगतो. आमच्यात मुलीची संमती विचारली जाते, आमच्यात मुलीला मेहर मिळतो, असं कॉलेजात वादात सांगताना आपला आवाज चढतो. मग त्या करारातली प्रत्यक्ष रक्कम ७८६ का असते? आमच्या लग्नाच्या वहीतल्या भावाने ती तीन ताटांची किंमत होते, वर सहा रुपये सुटे.

सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या असा हुकूम आहे. त्याच सूरहच्या विसाव्या आयतीत, तुम्ही बायकोला सोन्याचा ढीग दिला असला तरी तिला सोडताना त्यातलं काही परत घेऊ नका, असा आशय आहे. म्हणजे मेहर मोठाही असू शकतो हे तिथे गृहीत धरलं आहे. हनफी फिक्हमध्ये किमान मर्यादा दहा दिरहम, म्हणजे साधारण ३० ग्रॅम चांदी. वरची मर्यादा नाही. ‘मेहर-ए-फातिमी’ म्हणून जो सांगितला जातो तो पाचशे दिरहम, म्हणजे साधारण १५३० ग्रॅम चांदी. आजच्या चांदीच्या भावाने त्याचे रुपये करून बघा, रक्कम लाखांत जाते. आपल्या गावांत ‘शरई मेहर’ म्हणून जे पाचशे-हजार रुपये लिहिले जातात, त्यांचा या दीड किलो चांदीशी काही संबंध उरलेला नाही. कधीतरी रुपयांत मांडलेला आकडा तसाच पुढे चालत आला. भाव वाढला, आकडा तिथेच राहिला.

हिशेब समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. १९८५ च्या आसपास दहा ग्रॅम सोनं साधारण दोन हजार रुपयांना मिळायचं. त्या वर्षी एखाद्या मुलीचा मेहर २,१०० रुपये लिहिला असेल, तर तो तोळाभर सोन्याइतका होता. तो वायदा म्हणून राहिला आणि आज तिला द्यायचा झाला, तर तिच्या हातात २,१०० रुपयेच पडतील. त्यात आज पाव ग्रॅम सोनंही येत नाही. म्हणून मेहर सोन्यात किंवा चांदीत, ग्रॅममध्ये लिहावा. शरिअतमध्ये त्याला आडकाठी नाही, आणि महागाई त्याला खाऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो कधी द्यायचा. मुअज्जल या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि मराठी घरांत त्यांचा कायम घोळ होतो. एकाचा अर्थ लगेच देण्याचा, नकद मेहर. दुसऱ्याचा अर्थ पुढे देण्याचा, उधार मेहर. उधार लिहिला की तो तलाक किंवा मौत झाल्यावरच निघतो असं सगळे धरून चालतात. म्हणून मेहरचं नाव काढलं की घरातल्या बायका ‘अल्लाह खैर करे’ म्हणतात. मुळात मेहर हे लग्नाचं देणं आहे, तलाकची भरपाई नाही. कागदावर सरळ मराठीत लिहा: इतका भाग निकाहाच्या दिवशी दिला, इतका भाग अमुक तारखेपर्यंत देणार. तारीख लिहिली की अर्ध्या अडचणी संपतात.

आणि ती माफीची पद्धत! पहिल्या रात्री नवऱ्याने विचारायचं आणि बायकोने मेहर माफ केला म्हणायचं, हे आपल्यात अजून चालतं. नाहीतर नवऱ्याचा जनाजा दारात असताना चार बायका विधवेला म्हणतात, “बख्श दे, बख्श दे.” मनापासून सोडलेला हक्क वेगळा आणि वीस जणांसमोर सोडायला लावलेला वेगळा. दुसऱ्याला माफी म्हणू नये.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मेहर कमी असण्यातच बरकत आहे, जास्त मेहर म्हणजे दिखावा. दिखावा मलाही नको. पाच लाख लिहायचे, टाळ्या घ्यायच्या आणि मनात एक रुपया द्यायचा नाही, ही तर कागदावरची फसवणूक झाली. पण साधेपणा फक्त मेहरच्याच ओळीत का सुरू होतो? हॉलमध्ये नाही, बारातीत नाही, जहेजमध्ये नाही, फक्त मुलीला मिळायच्या रकमेत. मुलाच्या ऐपतीत बसणारा, त्याला खरंच देता येणारा आणि मुलीच्या खरंच उपयोगी पडणारा आकडा दोघांनी बसून काढावा. आमचा असाच निघाला. किती तो आमचा मामला, पण त्यातला निम्मा निकाहाच्या दिवशी माझ्या हातात येणार आहे आणि उरलेला तीन वर्षांत.

जहेजची यादी कोणाच्या नावाने?

‘आम्हाला काही नको, तुम्हाला काय द्यायचं ते तुमच्या मुलीला द्या.’ हे वाक्य ऐकलं की मुलीच्या बापाची झोप उडते, कारण या ‘काही नको’ला वरची हद्द नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादेत एका तरुण विवाहितेने साबरमतीत जीव दिला, तेव्हा सगळा देश हळहळला. त्यानंतर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने साध्या, बिनजहेज निकाहाची मोहीमही काढली. शपथा झाल्या, पोस्टर लागली. आपल्या गावात काय बदललं ते ज्याने त्याने बघावं.

जहेज घेऊ नये, देऊ नये, हे मी वेगळं सांगायला नको. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. मेहर त्या कायद्याने हुंड्यात धरलेला नाही, हेही लक्षात ठेवा. पण मुलीला आईबाप प्रेमाने काहीतरी देतातच. त्याबद्दल १९८५ चे नियम आहेत, ते फार थोड्यांना माहीत असतात. वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करायची: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, नातं काय. खाली वधू आणि वर दोघांनी सह्या करायच्या आणि ही यादी वधूने आपल्याकडे ठेवायची. आपण याद्या करण्यात तर पटाईत आहोत. मग ही एक यादी का करू नये?

तिची गरज काय ते डिसेंबर २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून दिसतं. प्रकरण पश्चिम बंगालमधलं, लग्न २००५ चं. लग्नाच्या नोंदीत ७ लाख रुपये आणि ३० भरी सोन्याचा उल्लेख होता. तिकडे तोळ्याला भरी म्हणतात. पण ते मुलीसाठी दिलं की नवऱ्याला दिलं, यावर वाद उभा राहिला. खालून वरपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढून शेवटी न्यायालयाने १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याखाली ते तिचं आहे असं सांगितलं. न्याय मिळाला, याचा आनंदच आहे. पण लग्नाच्या दिवशी एक ओळ स्पष्ट लिहिली असती, तर एका बाईच्या आयुष्यातली इतकी वर्षं वाचली असती.

अटींची ती रिकामी ओळ

आता त्या ‘शराइत’च्या ओळीकडे येऊ. निकाहाच्या मूळ हेतूविरुद्ध नसलेल्या अटी दोघांच्या संमतीने करारात घालता येतात. मुलगी शिक्षण पूर्ण करेल, नोकरी करेल. पगार तिचा, त्यावर हक्क तिचा. राहायचं कुठे. नवऱ्याने दुसरा निकाह करायचा नाही. भांडण झालं तर तलाकच्या शब्दाआधी दोन्हीकडचे मध्यस्थ बसतील. हे तर सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत सांगितलेलंच आहे, आपण फक्त ते कागदावर आणायचं.

हनफी फिक्हमध्ये आणखी एक तरतूद आहे: तलाक-ए-तफवीज. नवरा आपला तलाकचा अधिकार काही अटींवर बायकोकडे सोपवू शकतो. उदाहरणार्थ, त्याने दुसरं लग्न केलं, किंवा मारहाण केली, किंवा इतके महिने खर्च दिला नाही, तर ती स्वतः तो अधिकार वापरून मोकळी होऊ शकते. भारतातल्या न्यायालयांनी ब्रिटिश काळापासून अशी कलमं मान्य केली आहेत. पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात यासाठी १८ क्रमांकाचा रकानाच आहे. तिथेही निकाह लावणारे बऱ्याचदा त्यावर सरळ काट मारतात, अशी तिथल्या स्त्रियांची जुनी तक्रार आहे. म्हणजे रकाना असून भागत नाही, तो भरायला आधी बसावं लागतं. कोकणातल्या शाफई घरांनी आपल्याकडच्या जाणत्या आलिमांशी बोलून शब्द ठरवावेत. तिथे निकाहात मुलीच्या वतीने वली बोलतो, म्हणून तिने आपलं म्हणणं आधी वलीला सांगून ठेवणं जास्तच गरजेचं.

कोणी म्हणेल, २०१९ चा कायदा झाला, एका दमातला तिहेरी तलाक आता बेकायदा आहे आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग हे कशाला? कारण तो कायदा फक्त त्या एका प्रकाराबद्दल बोलतो. टप्प्याटप्प्याने दिलेला तलाक, दुसरा निकाह, खर्च न देणं, माहेरी आणून सोडणं, हे सगळं तसंच आहे. नवऱ्याने तलाक न देता लटकत ठेवलं तर तिच्याकडे १९३९ च्या कायद्याने कोर्टात जाण्याचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. करारातलं एक कलम तो जवळ आणतं.

आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा चाचा चिडले. “लग्नाआधीच तलाकची भाषा? असलं अपशकुनी काही लिहायचं नाही.” मी त्यांच्यापुढे हॉलची पावती ठेवली. तिच्या मागे बारीक अक्षरात छापलं आहे की लग्न रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. चाचांनीच त्यावर सही केली होती. हॉलवाल्याला कोणी अपशकुनी म्हटलं नाही, व्यवहारी म्हटलं. ८५ हजारांसाठी एवढा व्यवहारीपणा चालतो, तर मुलीच्या आयुष्यासाठी का चालू नये?

होणाऱ्या नवऱ्याशी बोलायला मला चाचांशी बोलण्यापेक्षा जास्त धीर लागला, हे खरं आहे. आम्ही दोघं, माझा भाऊ आणि त्याची आपा, असे चौघं बसलो. मी माझे मुद्दे सांगितले: नोकरी चालू राहील, राहायचं पुण्यात, दुसरा निकाह नाही, तफवीज. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझीही एक अट आहे. अम्मी एकट्या आहेत, दोन-तीन वर्षांत त्या आपल्याकडे राहायला येतील, तेव्हा कुरकुर नको. मला ते मान्य होतं, पण आधी कळलं हे फार बरं झालं. घर दोन खोल्यांचं घ्यायचं की तीन, ते त्यावरून ठरलं. त्या दोन तासांत आम्ही एकमेकांना जेवढं ओळखलं, तेवढं सहा महिन्यांच्या फोनमध्ये ओळखलं नव्हतं. अटी लिहिल्याने प्रेम कमी होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा असं बसून बघावं.

सरकारी कागदाचंही बघा

निकाहनामा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याने सगळ्यांच्या लग्नाची नोंद बंधनकारक आहे, आपल्याही. निकाहानंतर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत नोंद करा. उशीर झाला तर दंड भरून होते, पण पुढे ढकललेलं राहून जातं. निकाहनामा, आधारकार्ड आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आपल्यात शेख, शेक, शेखसाहेब असे तीन प्रकार एकाच घरात सापडतात. ती दुरुस्ती लग्नाआधीच्या महिन्यांत करून टाका.

ज्यांना विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंद करायची आहे, त्यांनी ३० दिवसांची नोटीस धरून तारखा आखाव्यात. त्याखाली लग्न केलं की वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. फक्त मुली असलेल्या काही जोडप्यांनी याच कारणासाठी निकाहानंतर अनेक वर्षांनी ही नोंद केली आहे. हा निर्णय ज्याने त्याने विचार करून घ्यावा. पण घाईत नको आणि अंधारात नको.

बोलायचं कोणी?

मला पुढचा प्रश्न माहीत आहे. तू शिकलेली, कमावती, तुला परवडतं. गावातल्या बावीस वर्षांच्या मुलीने सासरच्यांसमोर असं काही काढलं तर रिश्ता मोडेल, आणि बदनामी तिचीच होईल. हे खरं आहे, आणि म्हणूनच हे ओझं एकट्या मुलीवर टाकून चालणार नाही.

पहिलं काम मुलाने करावं. भावांनो, तुम्ही जहेज नको म्हणता तेव्हा तुमचं कौतुक होतं. त्याच्या पुढची पायरी ही की तुम्हीच विचारा, “मेहर किती आणि कधी देऊ? तुझ्या काही अटी आहेत का?” मुलाकडून विचारलं गेलं तर कोणी अपशकुन म्हणत नाही आणि रिश्ताही मोडत नाही.

दुसरं काम जमातीचं. निकाहाची तारीख नोंदवायला लोक येतात, तेव्हाच दोन्ही घरांना कोरा फॉर्म द्यावा आणि महिनाभर आधी भरून मागावा. फॉर्म उर्दूबरोबर मराठीतही असावा. मेहरच्या ओळीत ‘किती ग्रॅम’ आणि ‘कोणत्या तारखेपर्यंत’ असे दोन रकाने वाढवावेत. निकाहाच्या दिवशी तो मुलीला तिच्या भाषेत वाचून दाखवावा आणि एक प्रत तिच्या हातात द्यावी. याला ना पैसा लागतो, ना फतवा, ना संसदेचा ठराव. एक झेरॉक्स मशीन पुरे. जमातीत नेहमी सगळ्यांसाठी एकच पद्धत असली, की कुठल्या एका मुलीला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

तिसरं काम भावांचं आणि बापांचं. वकील आणि गवाह म्हणून तुम्ही आत जाता, तेव्हा फक्त आकडा सांगू नका. तिने कागद वाचला आहे का, एवढं विचारा. तिची संमती आणायला तुम्हाला पाठवलेलं असतं. न वाचलेल्या कागदाला दिलेली मान्यता घेऊन तुम्ही बाहेर कसे येता?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नित्व बंद व्हावं, ही त्यांची मागणी होती. दलवाईंच्या विचारांशी तुम्ही सहमत असा वा नसा, त्या सातजणींनी मागितलेलं बरंच काही अजून कायद्यात आलेलं नाही, आणि येईल तेव्हा त्यावर मोठं राजकारण होईल. तोपर्यंत थांबायची गरज नाही. दुसरा निकाह नाही, तलाक एकतर्फी नाही, मेहर खरा आणि वेळेवर, एवढं तर दोन माणसं आजही आपल्या कराराने ठरवू शकतात. शरिअत अडवत नाही, कायदा अडवत नाही. अडवतो तो फक्त संकोच.

तुमच्या घरात या हंगामात कोणाचं लग्न असेल, तर या जुम्म्याला नमाजनंतर जमातीच्या कार्यालयात जा आणि कोरा निकाहनामा मागा. दिला नाही तर पुन्हा मागा. मिळाला की दोन झेरॉक्स काढा, एक मुलीच्या घरी, एक मुलाच्या घरी.